मंदाचे केस

चंद्रभागेने पांढऱ्या पंचावर पडलेली ऊ एका नखावर घेतली, दुसऱ्या नखाने चिरडली आणि "सतरा" म्हणाली. तिच्या मांडीवर डोके टेकून बसलेली सात वर्षांची मंदा खूश झाली. वीस झाल्या की आत्या गूळखोबरे देणार होती.

तेवढ्यात मंदाची आई, म्हणजे चंद्रभागेची वहिनी, तान्ह्याला कडेवर घेऊन मागल्या दारी आली. पंचाकडे पाहून तिने तोंड वाकडे केले. काल तान्ह्याच्या जावळातही एक सापडली होती.

"वन्सं, आता पुरे. नामा न्हाव्याला बोलावते. एकदा वस्तरा फिरवला की सुटलो. केस काय, परत येतील."

वहिनी काही दुष्ट नव्हती. शाळेतल्या पंतोजींनी मंदाला ओटीवर वेगळे बसवायला सुरुवात केली होती. दोन महिन्यांनी कल्याणला वहिनीच्या भावाचे लग्न होते आणि चार पाहुण्यांत पोरीने डोके खाजवत बसावे हे कोणत्या आईला आवडेल? बोलणे शहाणपणाचेच होते. आपण ते कोणासमोर बोलतो आहोत, एवढेच तिच्या ध्यानात आले नाही.

चंद्रभागेला शहाडला दिली होती. तिच्या चौदाव्या वर्षी नवरा पटकीने गेला आणि ती ठाण्याला भावाकडे परत आली. तेव्हापासून वीस वर्षे दर पंधरवड्याला हाच नामा परसात येऊन तिचे डोके करून जात होता. केस परत येतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दुसऱ्याच्या दुःखाची माणसांना लवकर सवय होते, आणि या घरालाही झाली होती. आळीतल्या झाडून साऱ्या पोरींच्या वेण्या चंद्रभागा घालायची, उवा तीच काढायची, कारण तिचा हात हलका होता. डोईवर विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर घट्ट ओढलेल्या बाईने दिवसभर दुसऱ्यांचे केस विंचरावेत, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. तिला वाटत असले तरी तिने कधी दाखवले नाही.

मंदाने मात्र नामाचे नाव ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. नामा परसात आला की ती नेहमी धान्याच्या कोठीमागे जाऊन बसे.

"मग मीपण एकदाच जेवायचं का? आणि मलापण ते तांबडं लुगडं?"

तिच्या लेखी वस्तरा आला की मागोमाग हे सगळे येत असणार, आणि तिला तरी काय बोल लावावा! चंद्रभागेने तिचे डोके पोटाशी धरले. "नामा तुझ्या डोक्याला हात लावणार नाही. मी आहे ना," ती म्हणाली. या घरात तिने कोणाला शब्द द्यावा असा प्रसंग वीस वर्षांत आला नव्हता. तिला कोणी मागितलाच नव्हता.

शेजारणीने घासलेट चोळायला सांगितले. दिव्याच्या घरात पोरीच्या डोक्याला घासलेट लावायला चंद्रभागा काही वेडी नव्हती. तिने सासरी पाहिलेला उपाय काढला. सीताफळाच्या वाळलेल्या बिया कुटल्या, वस्त्रगाळ केल्या आणि खोबरेलात कालवल्या. हे डोळ्यात गेले तर डोळा जातो, हेही तिने सासरीच ऐकले होते. म्हणून शनिवारी दुपारी तिने मंदाच्या कपाळावर फडक्याची जाड पट्टी आवळून बांधली आणि हात मांडीवर ठेवून बसायला बजावले.

पण उवा झालेल्या पोराचे हात मांडीवर कुठले राहायला? चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले म्हणून चंद्रभागा क्षणभर आत गेली. मंदाने पट्टीखाली बोट घालून खाजवले आणि त्याच बोटाने डोळा चोळला.

तिची किंकाळी शेजारी ऐकू गेली. चंद्रभागेने तिला विहिरीवर नेऊन तांब्यामागून तांब्या पाणी डोळ्यावर ओतले, मान मागे टाकून केस धुऊन काढले. तरी संध्याकाळपर्यंत डोळा सुजून पार मिटला. मंदाचा बाप, म्हणजे चंद्रभागेचा थोरला भाऊ श्रीपाद, कचेरीतून आला, त्याने पोरीचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि पगडी खुंटीला अडकवली. वहिनी रडतच होती.

"चार केसांपायी डोळा घालवलात तुम्ही, वन्सं."

वहिनीने नामाकडे निरोप धाडला. तो बहिणीकडे खडवलीला गेला होता, बुधवारी येणार होता.

रविवारी चंद्रभागा तिच्या एका वेळेलाही जेवली नाही. गार पाण्याच्या घड्या बदलत मंदापाशी बसून राहिली. ती फार भ्यायली होती. केस जाऊ देत, दिलेला शब्दही जाऊ दे, पण पोरीला दिसू दे, असे ती कौपिनेश्वराला दिवसभर विनवत होती.

सोमवारी सकाळी मंदा म्हणाली, "आत्या, उघडतोय."

चंद्रभागेने तळव्याने तिचा चांगला डोळा झाकला आणि हाताला लागले ते समोर धरले. "हे काय आहे?"

"फणी. एक दात मोडलाय तिचा."

चंद्रभागा उठली आणि विहिरीवर जाऊन मनसोक्त रडली. तोंड धुऊन आली तो वहिनीने पान मांडलेले. तिने बळेच बसवून भात वाढला, वर तूप वाढले आणि म्हणाली, "परवा मी बोलले ते..." पुढचे बोलायची गरज दोघींनाही वाटली नाही.

पण न्हाव्याचा निरोप मागे घेते, असे काही वहिनी म्हणाली नाही. हाताशी दोन दिवस होते. चंद्रभागेने बियांची पूड उकिरड्यात खोल पुरली आणि नुसती फणी घेऊन बसली. खोबरेल लावून बट बट वेगळी करायची, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, मग केसाला चिकटलेल्या लिखा नखांनी एकेक ओढून काढायच्या. तिची पाठ भरून आली. मंदा मात्र या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

बुधवारी सकाळी नामाने परसात येऊन आपली धोपटी उघडली. वहिनीने नवऱ्याचे धुतलेले धोतर अंथरले आणि स्वतः फणी हातात घेतली. कानामागून, मानेवरून, भांगातून फणी फिरवली आणि धोतरावर वाकून पाहिले. काही नव्हते. पुन्हा फिरवली.

"नाही गं बाई, एकही नाही," असे म्हणून ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. "नाही हो वन्सं, खरंच नाही."

"मंग मी जाव का?" नामाने विचारले.

"थांब," चंद्रभागा म्हणाली. "परवा माझ्यासाठी यायचंच होतं तुला. आलाच आहेस तर उरकून टाक."

ती फळीवर बसली आणि तिने डोईवरचा पदर मागे केला. पंधरवड्याचे बोटभरही नसलेले केस वर आले होते, त्यांत बरेच पांढरे होते. मंदा आज कोठीमागे गेली नव्हती. मोकळे केस पाठीवर टाकून ती नामासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याचे राहू दे ना. उवा झाल्या तर मी काढीन. रोज काढीन."

नामाचा ओला हात थांबला. वहिनी तान्ह्याचे झबले उगीचच सारखे करू लागली. चंद्रभागेला मात्र हसू आले, अगदी मोकळे हसू. सकाळपासून तिला फार हलके वाटत होते. तिने मंदाच्या केसांवरून एकदा हात फिरवला.

"चल नामा, उन्हं चढायला लागली," ती म्हणाली आणि तिने मान पुढे केली.