जोलीनने कापलेली तार

आमच्या घराचं जुनं धुराडं त्या वर्षी ऑगस्टमध्ये उतरवावं लागलं. आतल्या विटा सुटून तळघरात पडायला लागल्या होत्या आणि गवंडी पुढच्या उन्हाळ्याआधी मोकळा नव्हता. म्हणून मी पॉवर व्हेंटर आणला. घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्टीचा धूर नळीतून ओढून सरळ भिंतीबाहेर फेकणारा पंखा. धुराड्याची गरजच उरत नाही.

तेल कंपनीला फोन केला तर बाई म्हणाली, "जोलीन दुबेला पाठवते."

मी म्हटलं, "एखादा पुरुष असेल तर पाठवा."

"पुरुष मोकळा नाही, मिस्टर लगासे."

"मग राहू द्या."

चाळीस वर्षं कागद गिरणीत मी यंत्रं दुरुस्त केली होती. एक पंखा मला बसवता येणार नाही? दोन दिवसांत बसवला. आवाज फार करतो म्हणून त्याची झडप बरीचशी लावून टाकली. थंडी पडली आणि बर्नर मध्येच विझायला लागला. या पंख्याला एक स्विच असतो. धुराला पुरेशी ओढ नसली की तो बर्नर पेटू देत नाही, पेटलेला असला तर विझवतो. मला वाटलं, स्विचच खराब. त्याच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा जोडून त्याला वगळलं आणि झालं, भट्टी धडधडून पेटली. एवढ्यावर थांबलो नाही. माझा मेहुणा फर्नांड नदीकाठच्या रस्त्यावर एकटाच राहतो. त्याच्याकडेही असाच पंखा, अशीच कटकट. मीच जाऊन त्याच्याही स्विचला तार जोडून आलो. त्याने मला पाय* खाऊ घातला, डुकराच्या मटणाचा.

जानेवारीत आमची डोकी दुखायला लागली. माझी बायको ल्युडिवीन दोनदा ओकली. आम्ही म्हटलं, फ्लू.

भट्टीच्या वर्षाच्या साफसफाईसाठी जोलीन आली ती अशा वेळी. सकाळचे दहा वाजले होते. ल्युडिवीनने दार उघडलं. माझ्या हातात असतं तर उघडलं नसतं. तिशीतली पोर, खांद्यावर हत्यारांची पिशवी. ती तळघराच्या चार पायऱ्या उतरली आणि तिच्या जाकिटाला लावलेलं, धुरातला विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) ओळखणारं छोटं यंत्र किंचाळायला लागलं. तिने भट्टी बंद केली आणि धावत वर आली.

"दोघंही बाहेर. आत्ता."

"अगं, बूट तरी घालू दे," मी म्हणालो.

"हातात घ्या बूट! काकू, चला."

तिने आम्हाला तिच्या गाडीत बसवून हीटर लावला, घराची दारं-खिडक्या सताड उघडली आणि परत आली. तिच्या हातात माझा तारेचा तुकडा होता, चिमट्याने कापलेला. वाटलं, आता झाडणार मला. तिने एवढंच विचारलं, "काका, हे आणखी कुठे केलंय?"

मी हातातले बूट पायांत चढवायला लागलो. ल्युडिवीन माझ्याकडे बघत राहिली. "अल्फे? बोल ना!"

"फर्नांडकडे."

फर्नांडचा फोन वाजत राहिला. जोलीनने दुसरा फोन ॲम्ब्युलन्सला लावला आणि गाडी काढली. तीन मैलांचा रस्ता, बर्फाने घट्ट झालेला. ल्युडिवीन माझा हात धरून बसली होती. भाऊ तिचा, आणि हात माझा धरला होता, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फर्नांड सोफ्यावर पडलेला, चेहरा लालसर, हाक मारली तरी नीट जागा होईना. जोलीनने त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मी पाय धरले होते, पण खरं वजन तिनेच उचललं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो बर्फात कोटावर बसून मला शिव्या देत होता. शिव्या ऐकून मला रडू आलं.

त्या रात्री आम्हा तिघांनाही हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घरी आलो, तर जोलीन दारात हजर.

मी म्हणालो, "पोरी, तुला पाठवू नका असं मी कंपनीला सांगितलं होतं."

"माहिती आहे. फोनवरची बाई माझी मावशी आहे."

"चुकलो मी."

"हो, चुकलात. बॅटरी धरा."

पंख्याचं बाहेरचं तोंड मी जमिनीलगत काढलं होतं. बर्फाच्या ढिगाने ते बुजलं होतं. तिने चार फूट वर, खिडकीपासून लांब, भिंतीला नवं भोक पाडलं आणि नळी तिकडे वळवली. मग भट्टी पेटवून पंधरा मिनिटं तापू दिली. स्वयंपाकघरातला पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, सगळं चालू करायला लावलं, कारण तेही घरातली हवा ओढतात. धुराच्या नळीला बारीक भोक पाडून त्यात मीटरची नळी घातली. मग झडपेचा स्क्रू सैल करून ती केसभर उघडायची, थांबायचं, काटा बघायचा.

"इतकी हळू?" मी विचारलं.

"जास्त ओढ लागली तर घराची ऊब बाहेर जाते. कमी लागली तर काय होतं ते तुम्ही सांगा."

मी बॅटरी तिच्या हाताजवळ नेली. तिने पेटती काडी नळीवरच्या हलत्या पत्र्याच्या झाकणाजवळ धरली. ज्योत आत वाकली, म्हणजे ओढ बरोबर लागली होती. शेवटी मला बाहेर पाठवून पंख्याचं तोंड फळीने झाकायला लावलं. काही क्षणांत आतला बर्नर विझला. स्विच मुळात चांगलाच होता. फळी काढून मी तसाच थंडीत उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत तिने फर्नांडच्या घरचंही तसंच बसवून दिलं.

रविवारी फर्नांड आमच्याकडे जेवायला आला. जोलीनही आली, आईला घेऊन. फर्नांड खुर्चीत टेकता टेकता म्हणाला, "अल्फे, माझी होडी हवी होती तर जीव कशाला घेतोस, नुसती मागायचीस!" सगळे हसले, मीही हसलो, पण मान वर करवली नाही. तेव्हा त्यानेच माझ्या पाठीवर थाप मारली.

ल्युडिवीनने कोंबडीचा रस्सा आणि गव्हाची पातळ धिरडी केली होती. जेवणाआधीच्या प्रार्थनेत तिने देवाचे आभार मानले आणि लगोलग जोलीनचं नाव घेतलं, पुरं, आडनावासकट. जोलीन कानापर्यंत लाल झाली. "काकू, लोणी द्या ना इकडे," ती म्हणाली, आणि मी उठून लोण्याची वाटी तिच्यापुढे नेऊन ठेवली.

* पाय : मटण भरून भाजलेली जाड पोळी.