फोन खाली ठेवून सांगा

सकाळचे ऊन घाई करीत नाही. आधी ते खिडकीच्या गजांवर आले, शिलाई मशीनच्या चाकावर क्षणभर टेकले, अर्धवट शिवलेल्या सदऱ्याच्या कॉलरवरून पलंगावर उतरले आणि उशीच्या कडेशी रेंगाळले. शिंपीदादा मोबाइल धरून त्याचीच वाट पाहत होते. ऊन सात वर्षांच्या चिमणीच्या गालावर आले, की लेकीला उठवायचे, काहीतरी वाईट सांगायचे, तिचे रडणे मोबाइलमध्ये टिपायचे आणि शेवटी ‘गंमत केली गं!’ म्हणायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. कधी ‘मांजर हरवले’, कधी ‘बाहुली जळाली’. दर वेळी ती चित्रफीत इंटरनेटवर पाहून हजारो अनोळखी माणसे पोट धरून हसली होती.

“उपजत नटी आहे पोरगी!” असे ते कौतुकाने सर्वांना सांगत.

ऊन गालावर आले.

“चिमणे, ऊठ. काकांचा निरोप आलाय. आजी गेली गं.”

चिमणीने डोळे उघडले. पण ती रडली नाही. तिने आधी मोबाइलकडे पाहिले, मग वडिलांकडे.

“बाबा, फोन खाली ठेवून सांगा.”

“अगं, खरंच...”

“मग ठेवा ना! हातात फोन असला की तुम्ही खोटं बोलता.”

रात्रपाळी संपवून आलेली तिची आई, परिचारिकेच्या गणवेशातच, दारात थबकली होती.

“स्वतःच्या आईला जिवंतपणी मारलंत? जिभेला काही हाड?”

“अगं हळू, रेकॉर्डिंग चालू आहे!”

“असू दे. ऐकू दे सगळ्यांना.” ती लेकीला उचलून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. “हिला रडवायला जेवढं डोकं चालवता, तेवढं गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर चालवलं असतं, तर दोन्ही बाह्या सारख्या आल्या असत्या. यापुढे माझ्या लेकीचं रडणं कुणाला बघायला मिळणार नाही. पुसून टाका सगळं. आत्ता, माझ्यासमोर!”

“पण ती अभिनय करते गं. विचार तिलाच.”

आईच्या खांद्यावरून चिमणी म्हणाली, “मांजर सापडलं, तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला दप्तरात घालून शाळेत नेलं होतं. परत हरवेल म्हणून.”

शिंपीदादा मशीनपाशी बसले. एकेक चित्रफीत उघडून पुसू लागले. आज प्रथमच त्यांनी आवाज बंद ठेवला आणि फक्त लेकीचे डोळे पाहिले.

एकाही चित्रफितीत ती अभिनय करीत नव्हती.