जुन्या वॉटर पंपाचं गाऱ्हाणं

मी गाडीचा वॉटर पंप बोलतोय. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो तो मी नव्हे. मी इंजिनाला चिकटून बसतो आणि ते तापू नये म्हणून पाणी फिरवत राहतो. मला फिरवतो टायमिंग बेल्ट, म्हणजे एक दातेरी रबरी पट्टा. सगळं इंजिन त्याच्याच तालावर चालतं. मी अडकलो तर पट्टा तुटणार, आणि पट्टा तुटला की धावती गाडी भर रस्त्यात बंद पडणार. आमच्या मालकांना हे सगळं माहीत होतं, म्हणून तर माझा संताप होतो.

अकरा वर्षं मुकाट राबलो. मालक दर रविवारी काचा पुसायचे, आरसे पुसायचे, माझी मात्र कुणी चौकशी केली नाही. गेल्या वर्षी माझं बेअरिंग झिजलं आणि पोटाखालच्या बारीक भोकातून मी थेंब थेंब गळायला लागलो. मालकांनी जमिनीवरचा तो हिरवट पाण्याचा डाग पाहिला आणि फडक्याने पुसून टाकला. झालं औषधपाणी!

मालक बँकेतून निवृत्त झालेले. गॅरेजवाले लुबाडतात, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी पट्टा आणि पंप असा जोडीचा नवा संच आणला, फोनवर तीनदा व्हिडिओ पाहिला आणि सकाळीच गाडी जॅकवर चढवली. मदतीला लेक होती. नवा पट्टा नेमका जागेवर बसावा म्हणून तिच्या नेलपॉलिशने त्यांनी दातेरी चाकांवर खुणा केल्या आणि पट्टा उतरवला. खोटं कशाला बोलू, तेवढं काम चोख झालं. मग माझी पाळी आली.

"ह्याला राहू दे," मालक म्हणाले. "अजून चालतोय की! नवा जपून ठेवू. लागेल तेव्हा काढू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लागेल तेव्हा म्हणजे कधी? लेक नर्स. दुसऱ्या दिवशी तिला घाटापलीकडच्या इस्पितळात नोकरीवर रुजू व्हायचं होतं, याच गाडीने आणि एकटीने!

मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, नव्या चादरी जपल्या, नवे कप जपले. आता पंपही जपा. आपल्या माघारी लोकांना सगळं कोरं करकरीत मिळेल."

लेकीने माझी पुली, म्हणजे पट्टा बसतो ते चाक, धरून हलवली. "बाबा, हा डुगडुगतोय. आणि खरखर ऐका ना."

"थोडं हलायचंच गं. तू जन्मायच्या आधीपासून गाड्या खोलतोय मी."

धादांत खोटं! सायकलच्या पंक्चरपुढे या गृहस्थांची मजल कधी गेली नव्हती.

लेक वाद घालत बसली नाही. तिने गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "मग उद्या तुम्हीच चालवा. मी शेजारी बसते. घाटात काय व्हायचं ते दोघांचं होईल."

मालकांनी किल्ली खिशात टाकली. मग त्यांनी हळू आवाजात पाणी काढायला परात मागितली. बोल्ट सुटले, मी बाहेर आलो. त्यांनी मला तळहातावर घेऊन फिरवलं आणि दुसऱ्याच फेऱ्यात मी गच्च अडकलो.  ते तिथेच पायरीवर बसले.

संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगत होते, "हात लावताक्षणी ओळखलं मी, हा गेलाय." घ्या!

नवा पंप माझ्या जागी बसला. दुसऱ्या दिवशी लेक सुखरूप पोचल्याचा फोनही आला. आता तरी भंगारात जाऊन मी सुटेन, असं वाटलं होतं. पण मालकांनी मला लख्ख पुसलं, नव्या पंपाच्या रिकाम्या खोक्यात घातलं आणि माळ्यावर ठेवलं. "असू दे. कधी लागलाच तर!"

खोक्यावर कंपनीचा शिक्का आहे, हमीचा कागद आहे. आत मी जुना, निकामी पंप आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही. आणखी काही वर्षांनी त्या पोरीकडच्या याच गाडीला पुन्हा पंप लागेल, तेव्हा या माणसाचा हात कुठे जाईल हे मला आत्ताच दिसतंय. कुणीतरी मला इथून काढा हो, भंगारवाल्याला द्या, वितळवा. त्या पोरीचा जीव माझ्या माथी मारू नका.