सैल पडायला विसरलेले हृदय

मित्रांनो, सोनोग्राफी म्हटले की तुम्हाला पोटातले बाळ आठवते. मी त्याच कुळातले एक जुने यंत्र आहे, पण माझ्या पडद्यावर बाळे नाहीत, हृदये येतात. मला टू-डी इको म्हणतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका मोठ्या इस्पितळात मी नवेकोरे आले, तेव्हा डॉक्टर माझ्याभोवती गर्दी करत. पुढे माझ्याहून चपळ भाऊबंद आले आणि माझी रवानगी कापसाच्या शेतांमधल्या बेल्स क्रॉसिंग गावच्या छोट्या दवाखान्यात झाली. इथे मला मिस ओडेसा चालवते आणि लाडाने 'म्हातारडं' म्हणते. मला राग येत नाही. मी स्वभावानेच चौकस, आणि माणसाच्या छातीत डोकावण्यासारखी मजा दुसऱ्या कोणत्या कामात असणार?

गेल्या वर्षी ब्रदर क्लिओफस टरेल आले. ते शाळेची बस चालवतात आणि रविवारी चर्चमध्ये खड्या आवाजात गातात; 'ब्रदर' ही चर्चमधल्या मंडळींची हाक. बसच्या तीन पायऱ्या चढताना त्यांना धाप लागू लागली होती. पाय सुजल्यामुळे बुटांच्या नाड्या सुटलेल्याच होत्या. बायकोने, वर्डेलने, त्यांना जवळजवळ ओढून आणले होते. त्यांना धास्ती एकच होती: हृदयात खोट निघाली तर बसची किल्ली हातातून जाईल.

"पोरी, ही वर्डेल उगाच बाऊ करते," ते कुशीवर वळत ओडेसाला म्हणाले. "शाळेच्या तपासणीत रक्तदाब, साखर, सगळ्यात दरवर्षी पास होतो मी. विचार शाळेला."

"शाळेत पास होतोस आणि जिन्यात नापास, त्याचं काय?" वर्डेल म्हणाली.

मी आत डोकावले आणि चक्रावलेच. हृदय तर रक्त झकास पिळून बाहेर ढकलत होते! मग धाप का? मी नीट निरखले. मित्रांनो, हृदयाचे अर्धे काम पिळण्याचे असते आणि अर्धे सैल पडण्याचे. सैल पडले की त्यात रक्त भरते. रक्तदाब चढलेला असला की हृदयाला रोज जादा जोर लावावा लागतो आणि पैलवानाच्या दंडासारखी त्याची भिंत जाड होते. ऐकायला बरे वाटते, पण ती जाडी आतली जागा खाते. त्यात वर्षानुवर्षे साखर वाढलेली असली की स्नायूच्या धाग्यांमध्ये राठपणा येतो. मग हृदय पिळते, पण सैल पडत नाही. रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि माणूस धापा टाकतो.

भिंत चौदा मिलिमीटर भरली. ती दहाच्या आसपास असावी लागते. एवढी जाडी चार दिवसांत येत नाही. मग हे गृहस्थ दरवर्षी पास होतात तरी कसे? मला चैन पडेना.

डॉक्टर प्रुइटबाईंनाही तोच प्रश्न पडला. "ब्रदर टरेल, गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

"कधी?"

ते छताकडे बघू लागले. "तपासणीच्या आधी. आठवडाभर."

"आणि बाकीचे एकावन्न आठवडे?" वर्डेल उसळली.

"अगं, त्या एका गोळीनं दर अर्ध्या तासाला लघवीला लागते! बसमध्ये चाळीस पोरं आणि वाटेत नुसता कापूस. जाऊ कुठे? ती सोडली, मग बाकीच्याही सुटल्या. आणि साखरेचं म्हणशील तर तुझा तो गोड चहा..."

"माझ्या चहावर ढकलू नकोस हं!"

बाई हसल्या नाहीत. "सकाळची फेरी कधी संपते?"

"साडेआठला. दुपारची अडीचला."

"मग ती गोळी पावणेनऊला घेत जा. अडीचपर्यंत तिचा जोर बराच ओसरेल. बाकीच्या मात्र रोज, न चुकता."

गोळ्या सुरू झाल्यापासून दहा वर्षांत फेऱ्यांच्या वेळांचा हा साधा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि भर सभेत गाणारा हा माणूस लघवीचे बोलायला लाजला होता. मला फार वाईट वाटले.

गोळ्या मार्गी लागून धाप कमी होईपर्यंत तीन महिने बस दुसऱ्याने चालवली. मग त्यांना किल्ली परत मिळाली. यंदा मी पुन्हा मोजले, तेव्हा भिंत तेरा मिलिमीटर भरली. ओडेसाने तीनदा मोजून खात्री केली. राठपणा मात्र फारसा हटलेला नाही. पायऱ्या ते अजून सावकाशच चढतात, आणि मुले दारात थांबून त्यांना आधी चढू देतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कोणी गोळ्या चुकवत असेल तर लगेच ओरडू नका. जवळ बसा आणि विचारा, "ही गोळी घेतल्यावर तुम्हाला काय त्रास होतो?" दहा वर्षांत जाड झालेली भिंत मी मिलिमीटरपर्यंत मोजून देईन, पण मला बोलता येत नाही. तो प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल.