शेजारचं वजन

एकोणऐंशी साली माझ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला मी मुंबईहून मागवलेल्या स्प्रिंगा बसवल्या. खालची चकती फिरवली की गाडीची उंची कमी-जास्त व्हायची. नंदनवनच्या चंद्रभान मिस्त्रीनं मला आत बसवलं.

"साहेब, वजन पाहूनच उंची लावा लागते. बाजूले कोण बसते?"

नसत्या चौकशा! मी चिडून म्हणालो, "बायको. पन्नास किलो."

त्यानं डाव्या सीटवर पन्नास किलोचं तांदळाचं पोतं ठेवलं आणि गाडी अगदी सरळ उभी केली.

आता एकटा बसलो की ती उजवीकडे झुकते. माझं लग्नच झालेलं नाही, हे मिस्त्रीला कोणत्या तोंडानं सांगू? शेवटी मीही एक पोतं आणलं. वळणावर ते कलंडू नये म्हणून माझा डावा हात आपोआप त्याच्याकडे जातो.