बोटं नकोत, पाय उचल

कलादालनाच्या छताची दुरुस्ती निघाली आणि दार बंद झाले, तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. सारी चित्रे कापडात बांधून कोठीत ठेवली आहेत. भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलांसारखी. मोठ्या दालनात परांची, सिमेंटचा धुरळा आणि ड्रिलचा कर्कश आवाज. मी रोज सकाळी येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालते, आणि मिस्त्री रोज तेच ऐकवतो, "आजी, तुम्ही फिरल्यानं छत लवकर वाळत नाही."

एकच चित्र जागेवरून हललेले नाही. ते माझ्या थोरल्या नणंदेने याच दालनात उभे राहून रंगवले. पलीकडच्या तीराकडे निघालेली नाव, नावेत दाटीवाटीने बसलेली माणसे, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात काठावर मागे राहिलेली, हात उंचावलेली एक बाई. चित्र भिंतभर आणि दार माणसाच्या मापाचे. ते बाहेर नेण्याचा विचार नणंदेने कधी केला नाही, मीही कुणाला करू दिला नाही. सध्या त्यावर प्लॅस्टिक टाकलेले असते.

दालन पुन्हा उघडावेच का, असा प्रश्न आता आमच्या थोरल्याला पडला होता. दालन चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष तो. दार बंद झाल्यापासून माझी धाकटी सून फोनवरून रोज एक चित्र लोकांना दाखवते, आणि इतके प्रेक्षक आम्ही दालनात कधी पाहिले नव्हते, हे मलाही मान्य करावे लागते. त्यावरून थोरल्याने ठरावाचा मसुदाच केला. लोक घरबसल्या पाहतात, तर दालन शेजारच्या कचेरीला द्यावे. चित्रे कोठीत राहतील आणि फोनवर दिसतील. नावेचे चित्र तेवढे चौकटीवरून उतरवून गुंडाळावे. नणंदेचा रंग बोटभर जाड. कापड गुंडाळले की त्याचा भुगा होणार, हे मी त्याला बजावले.

"आई, फोटो काढून ठेवलाय ना त्याचा," तो म्हणाला.

मंडळाची बैठक संध्याकाळी होती. दुपारी मी सुनेला सांगितले, "आज मी दाखवणार. नाव."

"तुम्ही? आई, लोक मधेमधे लिहितात. काहीही लिहितात."

"लिहू देत. तुझ्या आजेसासूबाईंनी माझ्या तोंडावर काय काय ऐकवलंय, त्यापुढे हे काहीच नाही."

मिस्त्रीला ड्रिल थांबवायला लावले. त्याने प्लॅस्टिक वर धरले, सुनेने फोन धरला. आमच्या दालनाचा पहिल्यापासूनचा नियम असा, की चित्रासमोर आल्यावर आधी पाहायचे, बोलायचे नंतर. मी तो पाळला.

"आई, बोला ना!" सून कुजबुजली. "आवाज येत नाही म्हणतायत. एकानं लिहिलंय, आजी हँग झाल्या."

"आवाज चालू आहे," मी फोनकडे रोखून पाहिले. "तोंड बंद आहे. तुम्हीही बंद ठेवा आणि बघा."

मग मी खालच्या कोपऱ्याशी गेले आणि सुनेला बोलावले. ती होती तिथेच राहिली आणि पडद्यावर दोन बोटे फाकवली.

"हे काय करतेस?"

"झूम केलं. दिसतंय की जवळून."

"बोटं नकोत. पाय उचल."

ती आली. कडेने आली, कारण मध्ये परांची होती. पडद्यावरून आधी शीड वर सरकले, मग माणसे, मग पाणी. आणि बाईपाशी पोहोचताच ती थबकली. जाड रंगातली त्या हाताची बोटे बाजूने पाहताना स्पष्ट आत वळलेली दिसत होती.

"अगंबाई! आई, ही निरोप देत नाहीये. ही परत बोलावतेय त्यांना."

"इतके दिवस फोटो दाखवत होतीस ना? दिसलं का त्यात?"

मला चेव आला. "आता तुम्हीही उठा," मी प्रेक्षकांना फर्मावले. "फोन कशालातरी टेकवा, मागे जा, आणि चालत या."

सून वाचू लागली. कुणाचा गुडघा टेबलावर आपटला होता. कुणाची बायको विचारत होती, हे कसलं खूळ. बऱ्याच जणांची तक्रार एकच: मागे गेलं की काहीच दिसत नाही.

"नाहीच दिसणार. तळहाताएवढ्या काचेत नाव मावत नाही. म्हणून तर दार उघडायला हवं!"

जिंकले, असे मला वाटले. तेवढ्यात सुनेचा आवाज खाली आला.

"एक बाई लिहितायत. मी अंथरुणातून उठू शकत नाही. तुमचं दार उघडं होतं तेव्हाही मला कधी येता आलं नाही. मी कशी चालू?"

मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. मी सुनेच्या हातून फोन घेतला.

"बाई, तुमच्या वतीनं मी चालते. कुठून येऊ?"

"दारापासून," सुनेने माझ्या खांद्यावरून वाचले.

मी दारापाशी गेले आणि निघाले. माझी धाप त्यांना ऐकू जात असणार. "वाका आजी, पाइप आहे," मिस्त्री ओरडला. वाकले. कोपऱ्याशी पोहोचल्यावर त्या बाईंनी लिहिले, थांबा, अजून थोडं बघू द्या. मी हात अवघडेपर्यंत उभी राहिले.

बैठकीआधी थोरल्याचा फोन आला.

"मी उठलो होतो, आई. सोफ्याला धडकलो."

"लागलं?"

"थोडं. मागून खरंच काही दिसलं नाही गं. लहानपणी त्या नावेतली माणसं मोजायचो मी. काल फोटो पाहून ठराव लिहिला, तेव्हा ती मला आठवलीसुद्धा नाहीत."

"मग?"

"मागे घेतो ठराव. गुंडाळायचं नाही. छत झालं की उघडू."

"आणि सूनबाईंचा फोनही चालू राहील, दार उघडल्यावरसुद्धा."

"तुलाच तर तो नको होता!"

"मला काय हवं ते मी सांगते. तू लिहून घे."

दुसऱ्या दिवशी मी येरझारा घालताना पाहून मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "आता तर झालं ना मनासारखं? बसा की घटकाभर."

"बसून कसं चालेल? दुपारी त्या बाई वाट बघतील. कोठीतलं चित्र काढायचंय, आणि ही तुझी पाइपं आधी वाटेतून हलव. रोज किती वाकू?"