प्लास्टरचा जबडा आणि मेणाची पट्टी

मित्रांनो, एक गंमत करा. तोंड मिटा आणि जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागून हळूच फिरवा. सावकाश, घाई नको. तिथे उंचवटे आहेत, खाचा आहेत, टाळूवर ओल्या वाळूत उमटाव्यात तशा वळ्या आहेत. हा मुलुख तुम्ही जन्मभर जिभेनं चाचपता, पण डोळ्यांनी पाहत नाही. आता अशी कल्पना करा, की तो सगळा मुलुख कोणी उचलून तुमच्या तळहातावर ठेवला. थंड, टणक आणि पांढराशुभ्र.

तोच मी. एका मुलीच्या दातांचा प्लास्टरचा साचा. पांढराशुभ्र होतो ती गोष्ट जुनी झाली. आता थोडा पिवळट पडलो आहे. माझे दोन भाग आहेत, वरचा जबडा आणि खालचा. पण आम्ही एकाच पोत्यातले, एकाच दिवशी घडलेले, त्यामुळे सांगताना मी ‘मी’ असंच म्हणतो.

ज्या मुलीचा मी साचा, ती तेव्हा चौदा वर्षांची होती. घरी तिला ठमी म्हणत. तिचे वरचे दोन दात पुढे आलेले होते. शाळेत कोणीतरी एकदा ‘फावडं’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून ठमी हसताना तोंडावर हात धरी. डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसे. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करीत नसे. शेवटी तिचे आईबाबाच तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आले.

माझा जन्म तसा सोपा नव्हता. बाईंनी घोड्याच्या नालेसारख्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला आणि तो ठमीच्या वरच्या दातांवर दाबला. तिला उमासा आला.

“नाकानं श्वास घे,” बाई म्हणाल्या. “आणि पायाचे अंगठे हलव. दोन्ही. हलव, हलव! अंगठ्यांकडे लक्ष गेलं की घसा गप्प बसतो.”

ठमीनं अंगठे हलवले. लगदा घट्ट झाला, ‘सट्’ असा आवाज करून सुटला, आणि त्यात तिच्या दातांचे खड्डे उमटले. मग खालच्या दातांची पाळी. दोन्ही ट्रे मागच्या खोलीत साचेवाल्या काकांकडे गेले.

हे काका म्हणजे केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी रबराच्या वाडग्यात प्लास्टर कालवलं, थरथरणाऱ्या टेबलावर ट्रे धरला आणि थेंब थेंब करत मला आत सोडलं. थरथरीमुळे बुडबुडे वर येऊन फुटतात. एखादा आत राहिला तर साच्याच्या दाताला चामखीळ येते. प्लास्टर घट्ट होताना आपोआप गरम होतं. ती माझी पहिली आणि शेवटची ऊब. काकांनी मला बाहेर काढलं, कडा घासल्या, पाठीवर पेन्सिलीनं नंबर घातला आणि खिडकीच्या उजेडात धरून स्वतःशीच म्हणाले, “छान उतरलाय बेटा.” आयुष्यात एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

आता मेणाच्या पट्टीबद्दल सांगायला हवं. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतात हे नुसत्या साच्यांवरून नक्की होत नाही. म्हणून बाईंनी गरम पाण्यात मऊ केलेली मेणाची पट्टी ठमीच्या दातांमध्ये ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, “नेहमीसारखं चाव.” ठमी चावली. पट्टीवर खुणा उमटल्या. काकांनी ती उचलून नेली आणि त्या खुणांवर बसवून माझे दोन्ही भाग जुळवले.

मला ते चमत्कारिक वाटलं. ठमीच्या मोठ्या दाढा सहाव्या वर्षी आलेल्या. आठ वर्षं एकमेकींवर घासून त्यांच्यावर गुळगुळीत जागा तयार झाल्या होत्या, आणि लगद्यातून त्या माझ्यावर जशाच्या तशा उतरल्या होत्या. वरच्या जागेची खालच्या जागेशी ओळख होती. पण मेणावर बसवल्यावर ओळखीचं कोणी कोणाला भेटेचना. खालचा जबडा चांगला बोटाच्या पेराच्या निम्म्यानं पुढे बसला होता. पण साच्याला वाचा कुठली?

काही दिवसांनी ठमी बाबांबरोबर पुन्हा आली. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी तीन नमुने मांडले.

“ही धातूची क्लिप. प्रत्येक दातावर एक चौकोन चिकटवायचा आणि त्यातून तार ओवायची. दिसते, पण कामाला वाघ आहे. ही दुसरी, दाताच्या रंगाची. कमी दिसते, मात्र जरा जाड आणि ठिसूळ. आणि हा पारदर्शक ट्रे. काढता-घालता येतो, जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पण दिवसाचे बावीस तास तोंडात हवा. खाताना काढायचा, दात घासायचे, पुन्हा घालायचा. कंटाळा केला की दात जिथल्या तिथे.”

“मला हा,” ठमीनं लगेच ट्रेवर बोट ठेवलं.

बाबा हसले. “अगं, साडी निवडतानासुद्धा तुझी आई एवढी घाई करत नाही.”

बाईंनी मला हातात घेऊन मेणावर बसवून पाहिलं. “या मापाप्रमाणे वरचे दात फार पुढे नाहीत. ट्रेवर भागेल. पण दोन दिवस विचार करा. साचा आणि मेणाची पट्टी घरी घेऊन जा, तिच्या आईलाही दाखवा.”

असा मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून ठमीच्या घरी गेलो.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. ठमीचे बाबा शिंपी होते. आई काजं-बटणं करी. मला कापायच्या टेबलावर ठेवलं गेलं, आणि तासाभरात कागदी नमुने उडू नयेत म्हणून माझा दगड झाला. वरचा जबडा एका बाहीवर, खालचा कॉलरवर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. टेबलावरून सगळं घर दिसत होतं.

समोर आरसा होता. दुकानात कोणी नसलं की ठमी त्याच्यापुढे उभी राही आणि खालचा जबडा हळूच पुढे सरकवी. तसं केलं की वरचे दात एकदम कमी पुढे दिसत. ओठही मिटत. मग ती तोंड तसंच ठेवून बोलायची सवय करी. तेव्हा मला उमगलं. ‘नेहमीसारखं चाव’ म्हटल्यावर ती आरशापुढच्यासारखं चावली होती.

संध्याकाळी एक ढेरपोटे गिऱ्हाईक शर्ट शिवायला आले. बाबा माप घेत होते, ठमी वहीत लिहीत होती. टेप पोटावर आली तसं त्या गृहस्थांनी श्वास रोखून पोट आत ओढलं.

“सोडा, साहेब,” बाबा म्हणाले.

“काय सोडू?”

“पोट. मला शर्ट तुमच्या पोटाला शिवायचाय, तुमच्या हौसेला नाही.”

आई मागून खुदकन हसली. गृहस्थही हसले आणि त्यांनी श्वास सोडला. “अठ्ठेचाळीस,” बाबांनी सांगितलं. ठमीच्या हातातली पेन्सिल मात्र थांबली होती. बाबांना आकडा दोनदा सांगावा लागला.

रात्रीचं जेवण व्हायचं होतं. बाबा रिकामे बसलेले. रिकामे हात स्वस्थ बसतील तर ते शिंप्याचे कसले! त्यांनी माझे दोन्ही भाग उचलले. आधी मेणावर बसवले. मग मेण काढलं आणि नुसतेच एकमेकांवर ठेवून हलवून पाहिले. मी घसरलो आणि टक्कन माझ्या जुन्या, ओळखीच्या जागी बसलो.

“अगं, इकडे ये,” त्यांनी आईला हाक मारली. “हे बघ. मेणावर ठेवलं की डुगडुगतंय आणि मेण काढलं की घट्ट बसतंय. आणि मग वरचे दात बघ किती पुढे येतात. काम चुकलंय त्यांचं.”

“तुम्हाला काय कळतंय दातांमधलं?”

“जोड कळतो मला. बाही खांद्याला बसली नाही तर ती कुणाचीही असो, चुकलेलीच. त्या साचेवाल्या म्हाताऱ्याचा हात हलला असणार. उद्याच विचारतो.”

ठमी दारात उभी होती. तिनं ऐकलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर पारदर्शक ट्रे हातचा गेला असता. मग रोज शाळेत तोंडभर तारा आणि ‘फावड्या’वर आणखी एक नाव. ती ताटं मांडायला गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाबांनी मला टेबलावर ठेवलं आणि सरळच म्हणाले, “बाई, राग मानू नका, पण माप चुकलंय.” त्यांनी मेणासकट आणि मेणाशिवाय, दोन्ही प्रकारे मला बसवून दाखवलं.

बाईंनी भुवया उंचावल्या. दाढांवरच्या गुळगुळीत जागा निरखल्या. “तुमचं बरोबर आहे. हे जुळत नाही.” मग त्यांनी मागच्या खोलीकडे पाहून हाक मारली, “काका, जरा येता?”

काका हात पुसत आले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला उजेडात धरलं.

“पट्टी थंड व्हायच्या आधी उचलली गेली का?” बाईंनी हलक्या आवाजात विचारलं. “वाकली असेल.”

“नाही, तशी नाही उचलली.” काकांनी पट्टी उलटून पाहिली. “पण असेलही, बाई. मागच्या महिन्यातही एक साचा तडकला माझ्याकडून. हात म्हातारे झाले. या पोरीचे सहा महिने फुकट गेले असते माझ्यापायी.”

“अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका,” बाबा ओशाळून म्हणाले. “होतं कधीकधी.”

“आमच्या कामात होऊन चालत नाही,” काका म्हणाले. “बाई, अवघड मापं यापुढे दुसऱ्या कुणाकडे द्या.”

ठमी खुर्चीवर बसली होती. तिनं काकांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मित्रांनो, ती काय करते ते सांगण्याआधी माझं पुढचं आयुष्य चार ओळींत उरकून टाकतो. नाहीतर तुम्ही ते ऐकायला थांबणारच नाही. मी पुढे वर्ष-दीड वर्ष कामाला आलो. दर काही महिन्यांनी बाई माझ्याशी ठमीचे दात ताडून बघत आणि किती फरक पडला ते लिहून ठेवत. मग तिच्या नव्या दातांचा नवा साचा आला आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. खोक्याचं झाकण हरवलं. एका हलवाहलवीत माझ्या सुळ्याचा टवका उडाला. धूळ बसते ती कोणी पुसत नाही. तक्रार नाही, ज्याचं काम झालं त्यानं फळीवर बसावं हे बरोबरच आहे.

एकच विनवणी आहे. दात नीट घासा, डॉक्टर सांगतील तेवढे तास सांगतील ते घाला, हे तर आहेच. पण तुमचं माप कोणी काळजीनं घेत असेल, मग ते दातांचं असो, बुटाचं असो, नाहीतर गणितातल्या तयारीचं, तेव्हा जसे आहात तसेच उभे राहा. माप खोटं दिलंत तर पुढचा माणूस कितीही जीव ओतून काम करो, ते तुम्हाला बसायचं नाही. आणि बोल लागेल तो त्याला.

तर ठमी. ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली. हात नेहमीसारखा तोंडाकडे गेला होता, तो तिनं मांडीवर आणून ठेवला.

“काकांची चूक नाही,” ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मीच पुढे करून चावले होते. मुद्दाम. नेहमी तसंच करते मी. फोटोत, शाळेत. त्यांचा हात हलला नव्हता.”

बाबांनी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

“खरं चावलीस तर नुसत्या ट्रेवर भागायचं नाही, ठमे,” त्या म्हणाल्या. “तारा लागतील. वर रबर बँडही. दिसतील.”

“किती दिवस?”

“दीड वर्ष. थोडं इकडे तिकडे.”

ठमीनं मनातल्या मनात काहीतरी मोजलं. “धातूच्याच लावा मग. दात लवकर सरळ होतील ना?”

“लवकर आणि पक्के.”

काकांनी गरम पाण्याचं भांडं आणलं आणि मेणाची नवी पट्टी त्यात बुडवली. ती मऊ झाल्यावर त्यांनी ती बाईंच्या हातात दिली. ठमीनं तोंड उघडलं. पट्टी दातांमध्ये बसली. मग बाबांसमोर, बाईंसमोर, काकांसमोर तिनं खालचा जबडा सैल सोडला, तो मागे जिथं जायचा तिथं जाऊ दिला, आणि चावली.